ओमेगा स्पीडमास्टरचे साल कशावरून ठरवावे?

प्रश्न: वडिलांच्या स्पीडमास्टरचे (ओमेगा कंपनीच्या स्टॉपवॉच असलेल्या मनगटी घड्याळाचे) साल केवळ तबकडीवरून सांगता येईल का?

उत्तर १: तबकडी मागाहून बदललेली असू शकते, म्हणून जाणकार घड्याळजीकडून मागचे झाकण उघडवून घ्यावे. आत कॉलम व्हील (स्टॉपवॉच चालू-बंद करणारे, खांब असलेले चाक) असून यंत्रावर ३२१ हा यंत्राचा क्रमांक कोरलेला असेल, तर जुने घड्याळ साधारण १९६८ किंवा त्याआधीचे समजावे. पुढे आलेल्या ८६१ क्रमांकाच्या यंत्रामध्ये त्या चाकाची जागा कॅमने (तेच काम करणाऱ्या, विशिष्ट आकाराच्या चपट्या भागाने) घेतली आणि ठोके ताशी १८,००० वरून २१,६०० झाले.

उत्तर २: यंत्रावरचा अनुक्रमांकही टिपून घ्यावा. बेझेलवर (काचेभोवतीच्या आकडे असलेल्या कड्यावर) ९० या आकड्याच्या डोक्यावर ठिपका असणे हे जुनेपणाचे लक्षण खरे. परंतु बेझेल सहज बदलता येते, त्यामुळे मी तरी एकट्या ठिपक्यावर विसंबणार नाही. आणि हो, घड्याळाच्या केसला (बाहेरच्या कवचाला) पॉलिश करू देऊ नका.