टॅपेटचा आवाज: तुमचे अनुभव लिहा

काल फोंड्याच्या बाजारात जुनी कास्ट आयर्न बुलेट चालू ठेवून कोणी उभा होता. टक टक टक. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधल्या फटीचा आवाज. मासळीची पिशवी हातात घेऊन मी थांबलोच. बाबांची अशीच वाजायची. मला तो आवाज नको व्हायचा. एका चवथीला ते पेडण्याला गेले तेव्हा मी टॅपेटचं झाकण काढलं, एकच नट तो, आणि दोन्ही पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लावणारे दांडे, फट न ठेवता गच्च केले. गाडी गप्प! बोरीच्या पुलापर्यंत दम गेला, कीक मारली तर पाय मोकळाच खाली. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटतच नव्हता, जळला होता. बाबा ओरडले नाहीत. इंजिन थंड झाल्यावर माझी दोन बोटं रॉडवर ठेवून म्हणाले, "फिरला पाहिजे, वरखाली हलता नये."

म्हापशेकर: कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि पिस्टन अगदी वर, आणून बघायचं, हे पण लिहा दादा. नाहीतर पोरं कुठेही पिस्टन ठेवून पाना लावतात.

साखळीची ताई: आमच्या ह्यांच्या क्लासिकला यूसीई इंजिन, हायड्रॉलिक टॅपेट. पावसात दोन महिने उभी होती. स्टार्ट केल्यावर टकटक, मग तेल भरलं की गप्प. मी घाबरलेच होते.

मस्कत रिटर्न: ताई, ते साहजिक आहे. हायड्रॉलिक लिफ्टर (टॅपेटच तो) तेलाच्या प्रेशरवरच फुगतो आणि फट भरतो. तिकडे गॅरेजात शेवरोले 350 इंजिनात सॉलिड, म्हणजे न फुगणाऱ्या लिफ्टरसाठीचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घातला, मालकाने खर्च वाचवायला जुने हायड्रॉलिकच ठेवायला लावले. सॉलिड कॅमच्या लोबला, म्हणजे उंचवट्याला, फट धरूनच चढण दिलेली असते, ह्या लिफ्टरने ती फट खाल्ली. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे, आयडल थरथरायला लागलं. मग नवे सॉलिड आणले तर गरम झाल्यावर तेलाचं प्रेशर पडलं. लिफ्टरची तेलाची खाच ब्लॉकच्या भोकातून वर डोकावत होती, गॅलरीतलं, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलवाटेतलं, तेल तिथूनच पळत होतं. पंप बदलून काय होणार! योग्य खाचेचे आणले, गरम इंजिनला 20 थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फट ठेवली. नवा कॅम म्हणून पहिली 20 मिनिटं आयडलवर सोडलं नाही, 2000 आरपीएमच्या वरच. लोबला तेल क्रँक उडवतो तेवढंच मिळतं.

डिचोलीवाला: आमच्या खाणीवरच्या जीपला तेलाच्या प्रेशरचं गेज 10 च्या खाली आलं की मामा चहासुद्धा सोडून धावायचे 😊

म्हापशेकर: इसवण काय भावाने मिळाला काल?

साखळीची ताई: मस्कतवाले भाऊ, जुने लिफ्टर नव्या कॅमवर चालतात का? दीराला विचारायचंय.

मस्कत रिटर्न: फ्लॅट, म्हणजे सपाट तळाचे, असतील तर अजिबात नको. ज्याचा लिफ्टर त्याच लोबवर घासून बसलेला असतो. दोन्ही नवे घ्या.

डिचोलीवाला: फोंड्याच्या दादा, बाबांची बुलेट आहे का अजून?

धागाकर्ता: आहे. बाबा नाहीत. रविवारी सकाळी थंड असताना झाकण उघडणार, मुलाची बोटं ठेवून बघतो. इसवण नव्हताच, बांगडे आणले.