मदत हवी आहे: फॉस्टरचा कुत्रा दुसऱ्या घरातूनही परत आला

खिडकीतली
घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. शेल्टरमधून फॉस्टरिंगसाठी, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला आणलेला कापूस नावाचा कुत्रा माझ्याकडे आहे. काल दुसऱ्या घरानेही त्याला परत आणून सोडलं. दोन्ही घरं मी स्वतः जाऊन पाहिली होती, माणसं चांगली आहेत. दोघांची तक्रार एकच, "अचानक अंगावर येतो". माझ्याकडे असं एकदाही झालेलं नाही. लसी, नसबंदी, जंताचं औषध सगळं झालंय, घाण करत नाही, अतिशय शांत आहे. महिनाअखेर मला गाव बदलायचंय, त्याआधी त्याला कायमचं घर हवं. जाहिरात कशी लिहू म्हणजे माणसं पटकन येतील? "तुम्हीच ठेवून घ्या" हा सल्ला कृपया नको, घरात आधीच एक म्हातारी कुत्री आहे.

रानवारा
वय, वजन, जात? अंगावर येतो म्हणजे गुरगुरतो, हवेत तोंड मारतो की चावलाय? चावला असेल तर रक्त आलं का? हे कळल्याशिवाय जाहिरातीबद्दल काय बोलणार.

उनाड_मन
फोटो, फोटो आणि फोटो! निम्मं काम फोटो करतो. पिंजऱ्याच्या जाळीतून काढलेला फोटो टाकू नका, कुत्रा गुन्हेगार वाटतो. बाहेर उजेडात न्या, स्वतः जमिनीवर बसा, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. सोबत चालतानाचा छोटा व्हिडिओ. "बिचारा, अनाथ, कोणी नाही त्याला" असली रडगाणी लिहू नका, दयेपोटी नेणारे आठवड्यात परत आणतात. मी आमच्या गटासाठी फोटो काढतो, अनुभवाचे बोल आहेत.

जुनाजाणता
ताई, साधी गोष्ट आहे. कुत्रा नव्या घरात जाऊन मालक बनायला बघतो. पहिल्याच दिवशी दाखवून द्यायचं घरात म्होरक्या कोण. सोफ्यावर चढू द्यायचं नाही, आपण जेवल्याशिवाय त्याला खायला नाही, गुरगुरला की पाठीवर पाडून धरायचं. आमच्याकडे कायम कुत्री होती, एकानेही आवाज चढवला नाही.

शेपूटवाली
जुनाजाणता, पाठीवर पाडायचा सल्ला कृपया देऊ नका, तोंडाला टाके पडतील कुणाच्या तरी. ही म्होरक्याची कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या निरीक्षणांतून पसरली, आणि ते लांडगे होते बंदिस्त, एकमेकांना अनोळखी, एका आवारात कोंडलेले. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये सविस्तर लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पिल्लं, तिथे गादीसाठी मारामाऱ्या चालत नाहीत. हे डेव्हिड मीच म्हणजे तेच, ज्यांनी आधी स्वतः 'अल्फा' (म्हणजे म्होरक्या) हा शब्द लोकप्रिय केला होता. आणि गुरगुरणं ही सूचना असते. ती मार देऊन बंद केलीत तर पुढच्या वेळी सूचना न देता चावा बसेल.

जुनाजाणता
पुस्तकं वाचून कुत्री पाळणारे फार झालेत हल्ली.

तिरकस
न वाचता पाळणारे कमी होते का? असो. मला जाहिरातीपेक्षा ते "माझ्याकडे एकदाही नाही" जास्त खटकतंय.

खिडकीतली
मी विचारलं काय आणि चाललंय काय. बरं, घ्या: नर, साधारण दोन वर्षांचा, मध्यम आकाराचा, मिश्र जातीचा. रक्त नाही आलं, दोन्ही वेळा नुसते दात लागले. पहिल्या घरी सोफ्यावर झोपला होता, तिथल्या मुलाने मिठी मारली. दुसऱ्या घरी गृहस्थांनी मागून पांघरूण ओढलं. आता जाहिरातीचं सांगाल का कुणी?

पाऊलवाट
दोन्ही वेळा झोपेत? मग आधी डॉक्टर. कुठेतरी दुखत असणार. आमच्या कुत्रीचा कान आतून सडला होता आणि आम्ही तिला चिडकी म्हणत होतो. कंबर, दात, कान, तिन्ही तपासून घ्या.

कुतूहल
ताई, विषय निघालाच आहे तर, आमच्या कुत्र्याला गोचीड फार होतात. कानात आणि बोटांच्या बेचक्यात. रॉकेल लावलं तर चालतं का?

शेपूटवाली
कुतूहल, रॉकेल अजिबात नको, कातडी भाजते आणि चाटलं तर पोटात जातं. डॉक्टरांकडून वजनानुसार गोळी किंवा मानेवर लावायचं औषध घ्या. आणि वेगळा धागा काढा हो.

रानवारा
खिडकीतली, थोडे विचित्र प्रश्न विचारतो, चिडू नका. कापूस हे नाव रंगावरून का? पूर्ण पांढरा आहे? नाक गुलाबी आहे का? दाराची बेल वाजल्यावर तो काय करतो? हाक मारल्यावर येतो का?

खिडकीतली
रंगाचा काय संबंध? हो, पांढराशुभ्र आहे, नाक अर्धं गुलाबी, एक डोळा निळसर. लोक फोटो बघून आधी त्यावरच भाळतात. बेलला भुंकत नाही, म्हणूनच तर शांत म्हटलं. बाहेर कितीही गोंगाट असो, ढाराढूर झोपतो. हाकेला लगेच येत नाही, थोडा हट्टी आहे. पण आमची म्हातारी उठली की तोही उठतो. ती दाराकडे गेली की हा मागोमाग. तिची सावलीच आहे.

तिरकस
आई गं.

रानवारा
मला वाटलंच. ताई, तो बहिरा असण्याची दाट शक्यता आहे. कातडीला रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात. तिथे त्या नसल्या की कानातल्या नाजूक पेशी तग धरत नाहीत आणि जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत ऐकू येणं बंद होतं. अंगावर पांढरं फार असलेल्या, निळ्या डोळ्यांच्या कुत्र्यांत हे जास्त दिसतं, डाल्मेशियनमध्ये तर प्रसिद्धच आहे. सगळे पांढरे बहिरे नसतात, सामोयेड जातीचे बहुतेक पांढरेच असतात आणि छान ऐकतात. पण तुम्ही सांगितलेलं सगळं जुळतंय. तुमच्याकडे त्याचे कान म्हणजे तुमची म्हातारी. नव्या घरी ती नाही. गाढ झोपेत कुणीतरी अंगावर पडलं, तो दचकला, दात लागले.

करून बघा. म्हातारीला दुसऱ्या खोलीत बंद करा. कापूस गाढ झोपला की त्याच्या मागे लांब उभं राहून शिट्टी वाजवा किंवा किल्ल्या खुळखुळवा. पाय आपटू नका, जवळ टाळ्या वाजवू नका. जमिनीचा हादरा आणि वाऱ्याची झुळूक त्याला कळते. कान हलतो का तेवढंच पाहा.

जुनाजाणता
बहिऱ्या कुत्र्याला कोण नेणार? उगाच शंका काढून त्याचं नशीब खराब करू नका. ऐकू येत नाही हे सांगायची गरजच काय? हळूहळू कळेल त्यांना.

शेपूटवाली
म्हणजे तिसऱ्यांदा परत यायची सोय.

खिडकीतली
केलं. शिट्टी, किल्ल्या, शेवटी स्टीलचं ताट पाडलं (गादीवर, मग शेजारच्या खोलीत फरशीवर). म्हातारी दाराआड भुंकायला लागली. याचा कान सुद्धा हलला नाही. आज दुपारी डॉक्टरांनाही दाखवलं. कानात संसर्ग नाही, कंबर-दात ठीक. त्यांनी बेअर नावाची तपासणी सुचवली आहे. खरंच लागते का ती? आणि घर मिळेल का याला?

पाऊलवाट
हो, ती करा. डोक्याच्या कातडीत बारीक सुया टोचतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि मेंदूकडून प्रतिसाद येतो का ते यंत्रावर पाहतात. दोन्ही कान वेगवेगळे कळतात. फार वेळ लागत नाही, बहुतेक वेळा भूलही द्यावी लागत नाही. नेणाऱ्याला कागद दाखवता येतो, हा मोठा फायदा. माझा कानाच्या दुखण्याचा अंदाज चुकला म्हणायचा, पण कान मात्र बरोबर धरला होता :)

रानवारा
घर मिळेल. पण जाहिरात आता वेगळ्या माणसांसाठी लिहायची. ज्यांच्याकडे आधीचा शांत, वयाने मोठा कुत्रा आहे त्यांच्यासाठी. अगदी लहान मुलांचं घर सध्या नको. आवार कुंपणाचं असावं, नाहीतर बाहेर कायम हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि दोरी, कारण मागून येणारी गाडी त्याला कळणार नाही. गळ्यातल्या बिल्ल्यावर फोन नंबरासोबत "मला ऐकू येत नाही" लिहून घ्या.

तोपर्यंत तुमच्याकडे दोन गोष्टी सुरू करा. झोपेतून उठवायचं तर आधी नाकाजवळ चिकनचा तुकडा धरायचा. वासाने जागा झाला की खांद्याला हलका स्पर्श आणि लगेच तुकडा. स्पर्श म्हणजे खाऊ, हे डोक्यात बसू दे. दुसरं, हाताच्या खुणा: ये, बस, थांब, आणि अंगठा वर म्हणजे शाब्बास. घरातल्या सगळ्यांनी तीच खूण करायची. अंधारात बोलवायला दिवा दोनदा चालू-बंद करा. मी बहिरी कुत्री सांभाळली आहेत, ती माणसाच्या तोंडाकडे सतत बघत राहतात, त्यामुळे शिकतातही भराभर.

तिरकस
आमच्या घरातल्यांना ऐकू येतं, तरी हातवाऱ्यांशिवाय हलत नाहीत.

उनाड_मन
खुणा शिकतानाचा व्हिडिओ टाका! अंगठा दाखवला की शेपूट हलते एवढं दिसलं तरी बास. आणि थरथरणारा पट्टा मिळतो, "माझ्याकडे बघ" सांगायला.

शेपूटवाली
थरथरणारा चालेल, पण आधी खाऊ देऊन सवय लावा, काही कुत्री त्याला घाबरतात. विजेचा झटका देणारा मात्र चुकूनही घेऊ नका. आणि शेल्टरला कळवलंत का? परत देण्याची अट करारात असते बहुतेक. दत्तक देताना आधी काही आठवडे चाचणी म्हणून ठेवा, दोन्ही कुत्र्यांची भेट घराबाहेर, चालता चालता घडवा.

खिडकीतली
शेल्टरला सांगितलं. त्यांनी दोन्ही आधीच्या घरांनाही कळवलं. पांघरूणवाल्या गृहस्थांनी दिलगिरीचा निरोप पाठवला, पण पुन्हा न्यायची तयारी नाही, ठीक आहे. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर दुसरं फॉस्टर घर देतील म्हणाले, तिथेही एक कुत्री आहे.

नवी जाहिरात अशी: "कापूस, वय सुमारे दोन वर्षं, नर, नसबंदी व लसीकरण पूर्ण. जन्मापासून ऐकू येत नसावं, तपासणीचा अहवाल लवकरच देऊ. हाताच्या खुणा शिकतोय. झोपेत अचानक धरलं तर दचकून तोंड मारतो. दोनदा दात लागले, जखम नाही. मोठ्या, शांत कुत्र्यासोबत सर्वात खूश. लहान मुलं नसलेलं घर हवं."

काही बदल?

रानवारा
दात लागल्याचं लपवलं नाहीत, उत्तम. फक्त "ऐकू येत नसावं" हे पहिल्या ओळीत घ्या. ते वाचून जे पुढे वाचतील तेच तुमच्या कामाचे.

खिडकीतली
घेतलं. एका बाईंचा फोन आलाय, नऊ वर्षांची कुत्री आहे त्यांच्याकडे, रविवारी भेटायला येतायत. पण एक मांजरही आहे. कापूसने मांजर कधी जवळून पाहिलेलं नाही. काय करू?

शेपूटवाली
पहिल्या भेटीत मांजर आणूच नका. नंतर मध्ये जाळीचं दार, कापूस दोरीवर, मांजराला उंचावर जायची जागा. मांजराकडून नजर काढून तुमच्याकडे पाहिलं की तुकडा. रोखून बघत ताठ उभा राहिला तर तिथेच थांबवा.

कुतूहल
मानेवरचं गोचिडीचं औषध मांजराला पण चालतं का?

शेपूटवाली
नाही!! कुत्र्याच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, मांजराला ते विषारी आहे. खिडकीतली, हे त्या बाईंनाही सांगा.