चॉटनचं विटांचं घर : वास्तू मोठी की राहणारी?

हॅम्पशायरकर : रविवारी चॉटन गावात कादंबरीकार जेन ऑस्टिनचं घर पाहून आलो. खरं सांगू? वास्तू म्हणून काहीच हाती लागलं नाही. सतराव्या शतकातलं लाल विटांचं दुमजली घर, वर कौलं, संपलं. आणि संरक्षित वास्तू म्हणून दर्जा मात्र ग्रेड वन, म्हणजे सर्वांत वरचा! इंग्लंडमधल्या संरक्षित वास्तूंपैकी जेमतेम अडीच टक्के या वर्गात आहेत. हे घर तिथे बसलंय ते बाईंच्या पुण्याईवर. दर्शनी भिंतीत तर एक खिडकी चक्क बुजवलेली.

रेवा_के : अहो, तीच तर बघायची! 1809 मध्ये आई, दोघी बहिणी आणि मैत्रीण मार्था भावाच्या, एडवर्डच्या, या घरात राहायला आल्या. घर अगदी रस्त्याला लागून, समोरून घोडागाड्यांची ये-जा. म्हणून दिवाणखान्याची रस्त्याकडची खिडकी बुजवून आतून तिथे पुस्तकांचं कपाट केलं, आणि बागेच्या बाजूला नवी खिडकी पाडली. ही काय वास्तुकला नव्हे?

हॅम्पशायरकर : कर वाचवायला बुजवली नसेल कशावरून? खिडक्यांवरचा कर 1696 पासून 1851 पर्यंत होताच.

रेवा_के : एक बुजवून दुसरी पाडली तर वाचलं काय? :) आणि जेवणघराची खिडकी रस्त्याकडेच राहिली. जाता जाता गाडीतून एका गृहस्थांना ही मंडळी मजेत नाश्ता करताना दिसली, असं त्याच वर्षीच्या एका पत्रात आहे.

चुनखडी : ते म्युझियम आहे, तिकिटावर चालतं. आमच्यासारख्यांनी काय करायचं? ग्रेड टू, म्हणजे खालच्या वर्गातल्या पण संरक्षितच, विटांच्या घरात नऊ हिवाळे काढलेत. काच एकेरी, दुहेरी बसवायला परवानगी लागते. विनापरवाना हात लावला तर थेट फौजदारी गुन्हा.

रेवा_के : विटांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, कशाने भरल्यात, चुन्याने की सिमेंटने?

चुनखडी : आधीच्या मालकाने सिमेंटने. आता विटांचे पापुद्रे सुटतायत. बोट फिरवलं की लाल भुकटी.

रेवा_के : सुटणारच. चुन्याच्या दरजेतून ओल बाहेर पडते. सिमेंटने वाट अडली की ती विटेत मुरते, गोठून फुगते आणि विटेचं तोंड उडवते. परवानगीची कटकट त्यासाठीच.

चुनखडी : सिमेंटचं मान्य. पण थंडीत पडद्याआडून वारा येतो, त्याचं काय?

हॅम्पशायरकर : खिडकीचं पटलं, रेवाताई. ग्रेड वनचं अजून नाही. हेच घर शेजारच्या गावात, कुणा वाण्याचं असतं, तर मिळाला असता?