शिमे-साबा : मासा आरपार पांढरा पडतो

करली: शिमे-साबा (मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवलेला कच्चा मासा, जपानी पदार्थ) करत होते. साबाच्या (बांगड्याच्या कुळातला मासा) दोन्ही बाजू काट्यापासून सोडवून 20 मिनिटं मिठात, मग दोन तास तांदळाच्या व्हिनेगरमध्ये ठेवल्या. मधला गुलाबीपणा गेला, तुकडा भुसभुशीत, कातडीबरोबर मांसही सोलून आलं. वेळ किती ठेवायचा? आणि दोन तासांत किडे मरतात ना?

ताटवाटी: वेळा उलट्या झाल्यात. मीठ तासभर, मासा चरबीदार असेल तर दीड तास. व्हिनेगर 20 ते 30 मिनिटं. मीठ चिमटीने भुरभुरायचं नाही, मांस दिसेनासं होईल इतकं थापायचं. जाळीवर तिरपं ठेवा, म्हणजे सुटलेलं लालसर पाणी निथळून जाईल. मग पटकन धुऊन, कागदाने अगदी कोरडं करून व्हिनेगरमध्ये. मिठाने मांस आधी आवळलेलं नसलं की आंबटात ते फुगून भुसभुशीत होतं. कोंबूचा (वाळवलेलं समुद्री शेवाळ) तुकडा घाला, साखर अगदी बेताने.

कड पांढरी, मध्य कच्चा गुलाबी, एवढंच हवं.

निवटी: किडे मरत नाहीत. अनिसाकिस (माशातला परजीवी किडा) व्हिनेगर, मीठ, वसाबी सगळं पचवतो. मासा आतपर्यंत उणे 20 अंशांवर 24 तास गोठायला हवा. घरचा फ्रीझर बहुधा उणे 18 च्या आसपास असतो, म्हणून 48 तास धरा. व्हिनेगरमधून काढून, पुसून, घट्ट गुंडाळून गोठवला तर पोत फारसा बिघडत नाही. जपानी दुकानातल्या पाकिटावर ‘कानेत्सु-यो’ असेल तर तो शिजवण्यासाठीचा मासा. ‘साशिमी-यो’, म्हणजे कच्चा खाण्यासाठीचा, बघून घ्या.

ताटवाटी: कातडीचं राहिलं. सोलायची ती वरची पारदर्शक पातळ साल, तीही व्हिनेगरनंतर. डोक्याकडचं टोक नखाने उचला, मासा दुसऱ्या हाताने दाबून शेपटीकडे सावकाश ओढा. खालची चंदेरी-निळी नक्षी राहिली पाहिजे. मधल्या ओळीतले काटेही याच वेळी चिमट्याने, डोक्याच्या दिशेने उपटा. कच्च्या मांसातून काढले की ते फाटतं.

करली: बाजारातल्या बांगड्यावर चालेल?

निवटी: नको. तो कच्चा खाण्यासाठी हाताळलेला नसतो. बर्फाबाहेर राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन (विषबाधा करणारं द्रव्य) तयार होतं, ते गोठवून जात नाही आणि तळूनही नाही. बांगडा तव्यावरच बरा.