नॉर्थ फेरिबी : बुडालेल्या क्लबचा इतिहास नव्या क्लबने सांगावा का?

मधली फळी

इंग्लंडमधील हल शहराच्या पश्चिमेला, हंबर नदीच्या काठी नॉर्थ फेरिबी हे सुमारे चार हजार वस्तीचे गाव आहे. या गावाचा नॉर्थ फेरिबी युनायटेड हा फुटबॉल क्लब १९३४ साली स्थापन झाला आणि मार्च २०१९ मध्ये, थकलेल्या देण्यापायी, न्यायालयाच्या आदेशाने विसर्जित झाला. त्याच वर्षी नॉर्थ फेरिबी एफसी हा नवा क्लब उभा राहिला. तो त्याच ग्रेंज लेन मैदानावर खेळतो, त्याचे रंग तेच हिरवे-पांढरे आहेत आणि प्रेक्षक त्याला जुन्याच ‘व्हिलेजर्स’ या नावाने हाक मारतात. माझे स्पष्ट मत असे आहे की जुन्या क्लबची ८५ वर्षे ही या नव्या क्लबचीच वर्षे मानली पाहिजेत.

इंग्लिश फुटबॉलच्या वरच्या चार विभागांत ९२ क्लब असतात आणि त्यांच्या खालच्या सगळ्या पसाऱ्याला नॉन-लीग म्हणतात. फेरिबीचे सारे आयुष्य या पसाऱ्यात गेले. १९६९ मध्ये क्लब यॉर्कशायर लीगमध्ये आला आणि १९८२ मध्ये ती स्पर्धा मिडलंड लीगमध्ये विलीन होऊन नॉर्दर्न काउंटीज ईस्ट लीग तयार झाली, तेव्हा तिच्यात दाखल झाला. १९९७ मध्ये छोट्या क्लबांसाठीच्या एफए वाझ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात व्हिटबी टाउनकडून त्याला ०-३ अशी हार पत्करावी लागली. २००० मध्ये नॉर्दर्न प्रीमियर लीगमध्ये बढती मिळाली आणि २०१३ मध्ये कॉन्फरन्स नॉर्थ, म्हणजे प्रीमियर लीगपासून मोजल्यास सहावा स्तर. त्यानंतर मार्च २०१५ मध्ये नॉन-लीगमधील वरच्या स्तरांच्या क्लबांसाठीच्या एफए ट्रॉफी स्पर्धेचा अंतिम सामना लंडनमधील वेम्बली या राष्ट्रीय मैदानावर झाला. समोर रेक्सहॅम होता, जो २००८ पर्यंत कित्येक दशके फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे नॉन-लीगच्या वरच्या विभागांत, खेळला होता आणि ज्याने १९९२ मध्ये एफए कपात आर्सेनलला हरवले होते. ०-२ असे पिछाडीवर पडलेल्या फेरिबीला लियम किंगच्या पेनल्टीने आशा दाखवली, बदली खेळाडू रायन केंडलने बरोबरी साधली आणि जादा वेळेत त्यानेच आघाडीही मिळवून दिली. रेक्सहॅमने शेवटच्या मिनिटांत ३-३ केले, पण पेनल्टी शूटआउटमध्ये गोलरक्षक ॲडम निक्लिनच्या हातांनी सामना ५-४ असा फेरिबीच्या पदरात पडला.

हा दिवस एका विसर्जित कंपनीच्या फायलीत बंद करून ठेवावा, हे मला कोणत्याही तर्काने पटत नाही. कंपनी ही क्लब चालवण्याची कायदेशीर सोय असते. मैदानाची देखभाल करणारे, तिकीट खिडकीवर बसणारे आणि लहान मुलांचे संघ सांभाळणारे लोक हा क्लब असतो, आणि ते लोक गावातच राहिले.

हिशेबनीस

तुमची तळमळ समजते, परंतु मत मान्य नाही. जुन्या क्लबने ज्यांचे पैसे बुडवले, ते लोकही याच कथेत आहेत. गावोगावच्या क्लबांना माल पुरवणारे बहुतेक लहान व्यावसायिक असतात, बस भाड्याने देणारे, छपाई करणारे, दुरुस्तीची कामे करणारे. क्लब बुडाला की त्यांच्या हाती काही लागत नाही. नव्या क्लबने वेम्बलीचा करंडक आपला म्हणावा आणि थकलेली देणी मात्र ‘त्या दुसऱ्या संस्थेची’ म्हणावीत, हा न्याय एकतर्फी आहे. वारसा घ्यायचा तर कर्जासकट घ्यावा, नाहीतर घेऊ नये.

फुटबॉलच्या व्यवस्थेनेही तसाच निर्णय दिला होता. युनायटेड बुडाला तेव्हा तो सातव्या स्तरावर होता आणि नव्या क्लबला दहाव्या स्तरावर प्रवेश मिळाला. हंगाम अर्धवट राहिल्यामुळे त्या वर्षीचे युनायटेडचे सर्व निकाल रद्द झाले, म्हणजे ज्यांनी त्यांना मैदानात रीतसर हरवले होते, त्यांचेही गुण गेले. ॲक्रिंग्टन स्टॅन्लेचे उदाहरण पाहा. जुना क्लब १९६२ मध्ये कर्जामुळे फुटबॉल लीगमधून बाहेर पडला, १९६८ मध्ये त्याच नावाचा नवा क्लब निघाला, २००६ मध्ये तो लीगमध्ये पोहोचला आणि आपले स्थापनावर्ष तो १९६८ असेच मानतो. त्यामुळे त्यांची प्रतिष्ठा तसूभरही कमी झालेली नाही.

पायवाट

मला दोन्ही मतांत एक गोष्ट राहून गेलेली दिसते. २०१३ च्या सुमाराला क्लबची मालकी स्टीव्ह आणि इमान फॉर्स्टर या दांपत्याकडे आली. इमान या हल सिटीचे तत्कालीन मालक असेम अलाम यांच्या कन्या. चार हजार वस्तीच्या गावात तिकिटांच्या उत्पन्नावर सहाव्या आणि पाचव्या स्तराचा संघ पोसता येत नाही, त्यामुळे त्या काळातील झेप मालकांच्या पैशावर अवलंबून होती, हे उघड आहे. २०१६ मध्ये प्ले-ऑफ जिंकून क्लब नॅशनल लीगमध्ये, म्हणजे फुटबॉल लीगच्या थेट दारात गेला, ज्यांच्या हाताखाली वेम्बली जिंकले ते व्यवस्थापक बिली हीथ त्याच उन्हाळ्यात हॅलिफॅक्सच्या क्लबकडे गेले, आणि पुढे २०१७ व २०१८ अशा सलग दोन हंगामांत घसरण झाली. मालकांनी पाठीशी राहणे थांबवल्यावर इमारत दोन-तीन वर्षेही उभी राहिली नाही.

म्हणून मी १९३४ ते २०१३ हा काळ निःसंशय गावाचा मानतो. कॉन्फरन्स नॉर्थपर्यंतची वाट बहुतांशी त्याच काळात चालून झाली होती. त्यानंतरची सहा वर्षे गावाच्या नावाने घडली, तरी गावाच्या बळावर घडली नाहीत. नव्या क्लबने अभिमान बाळगावा तो पहिल्या कालखंडाचा, आणि दुसऱ्याकडून धडा घ्यावा.

मधली फळी

पायवाट, इतिहासाची अशी वाटणी करता येईल का, याचा विचार करावा. मालकांचा पैसा होता हे खरे, परंतु पैसा तर रेक्सहॅमकडेही फेरिबीपेक्षा कितीतरी जास्त होता. ०-२ वरून परत येण्याची जिद्द कोणाच्या धनादेशावर लिहिलेली नसते. शिवाय नॉन-लीगमध्ये स्थानिक दात्याच्या मदतीवाचून वर गेलेले क्लब फारच थोडे सापडतील. तुमची कसोटी लावली तर निम्म्या क्लबांना आपले करंडक परत करावे लागतील.

हिशेबनीस यांच्या मुद्द्याला मात्र सविस्तर उत्तर द्यायला हवे. २००३ मध्ये विम्बल्डन क्लब लंडन सोडून मिल्टन कीन्सला हलवला गेला. त्याआधीच, २००२ मध्ये, चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढून अगदी खालून सुरुवात केली होती. लीगमधील जागा मिल्टन कीन्सच्या क्लबकडे राहिली, तरी २००७ मध्ये त्याने १९८८ च्या एफए कपासह जुन्या विम्बल्डनच्या यशावरील आपला दावा सोडला आणि करंडकांच्या प्रतिकृती मर्टन या लंडनमधील बरोच्या (स्थानिक प्रशासकीय विभागाच्या) ताब्यात दिल्या. करंडक जिथे जिंकण्याची आस धरली गेली, त्या वस्तीचा त्यावर हक्क आहे, हे तिथे मान्य झाले. तोच हक्क फेरिबीला नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

आणखी एक बाब आहे. शेवटच्या हंगामात क्लबच्या मालकीकडून त्याचे नाव ‘ईस्ट हल’ करून त्याला गावाबाहेर नेण्याचा बेत जाहीर झाला होता. तो तडीस गेला असता तर कागदोपत्री संस्था तीच राहिली असती आणि नॉर्थ फेरिबीत एकही सामना झाला नसता. अशा परिस्थितीत आपण इतिहास कोणाच्या नावावर लिहिला असता? हिशेबनीस यांच्या नियमाने तो हल शहरातल्या त्या संघाकडे गेला असता, ज्याच्याशी गावाचा काडीचाही संबंध उरला नसता.

हिशेबनीस

ईस्ट हलचा मुद्दा जोरदार आहे आणि त्यापुरते मी मान्य करतो की केवळ नोंदणी क्रमांकावर इतिहास सोपवता येणार नाही. विम्बल्डनचे उदाहरण मात्र येथे लागू पडत नाही. तिथे दावा सोडणारा क्लब जिवंत होता, त्याने बोलणी करून संमती दिली. फेरिबीत संमती देणारा पक्षच शिल्लक नाही, शिल्लक आहेत ते धनको. ज्या क्लबचे निधन दुसऱ्याच्या हालचालीने नव्हे तर स्वतःच्या देण्याने झाले, त्याच्या वारसाने अधिक संकोच बाळगला पाहिजे.

नव्या क्लबने स्थापनावर्ष २०१९ लावावे, २०१५ चे छायाचित्र क्लबहाउसात अवश्य लावावे आणि त्याखाली ‘नॉर्थ फेरिबी युनायटेड’ असे पूर्ण नाव लिहावे. जिंकले कोण, हे त्यातून नेमके कळते.

दुसरा अर्ध

या चर्चेत एक प्रश्न कोणी विचारलेला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. नव्या क्लबच्या दृष्टीने या वादाचा व्यवहारात काय फरक पडतो? माझ्या मते पडतो. ज्या क्लबला आपण १९३४ पासून आहोत असे वाटते, तो पुढच्या श्रीमंत पाहुण्याला मालकी देताना दहा वेळा विचार करील, कारण त्याच्या हातून जाण्यासारखे काहीतरी असते. २०१९ मध्ये जन्मलेल्या क्लबला तेवढे भय वाटणार नाही. त्यामुळे मी मधली फळी यांच्या बाजूने आहे, पण एका अटीवर: १९३४ सांगणाऱ्या क्लबने मार्च २०१९ ही तारीखही तितक्याच ठळकपणे सांगावी आणि आपल्या सभासदांच्या संमतीशिवाय मैदान, नाव किंवा रंग बदलता येणार नाहीत असे स्वतःच्या घटनेत लिहून ठेवावे.

मधली फळी

ही अट मला पूर्णपणे मान्य आहे. हिशेबनीस यांच्या धनकोंबद्दलही एवढे म्हणतो की जुनी देणी फेडण्याचे कायदेशीर बंधन नव्या क्लबवर नसले, तरी गावातल्या ज्या व्यावसायिकांचे पैसे बुडाले त्यांना त्याने कामे देताना पहिला मान द्यावा. ८५ वर्षांवर हक्क सांगणाऱ्याने एवढे केलेच पाहिजे.