‘हट्ट घरी ठेवून या’ म्हणणाऱ्यांना

मांजराकाठ
काल एका डॉक्टरांनी लिहिलं, "म्हाताऱ्यांना दवाखान्यात आणताना त्यांचा हट्ट घरी ठेवून या. लुगडं, तांब्या, माळ यांचं वॉर्डात काम नाही." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी आजी 81 वर्षांची. अंगणात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. ही बाई 72 च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. आजोबा गेल्यावर अकरा एकर कोरडवाहू एकटीनं सांभाळली, सालगड्याचा हिशेब तोंडपाठ. वॉर्डात पहिल्याच संध्याकाळी ती झाली ‘चौदा नंबर’. एक कोवळा पोरगा "ए आजे, तोंड उघड" म्हणाला, तर तिनं तोंड मिटलं ते सकाळपर्यंत. "मला नाव हाय, बाबा. बापानं ठिवलेलं हाय." फाइलीत नोंद झाली : सहकार्य करत नाही.

आणि संमतीपत्र? ती साक्षरता वर्गात जाऊन सही शिकलेली. कागद मात्र थेट काकापुढं. ती चष्मा मागत राहिली, "हाड मपलं मोडलंय का त्याचं?" शुद्धीवर असलेल्या सज्ञान पेशंटची संमती त्याची स्वतःचीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात सांगितलंय. आमच्या वॉर्डात ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. याला तुम्ही हट्ट म्हणता?

निवृत्त_सिस्टर
ताई, वॉर्ड तुम्ही खाटेच्या बाजूनं बघितला, मी तीस वर्षं दुसऱ्या बाजूनं. रात्रपाळीला मी एकटी आणि पेशंट साठ, त्यातले कितीतरी खाली गाद्यांवर. परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक सिस्टर असा आहे. मला तो एक दिवसही मिळाला नाही. नऊवारी नेसलेल्या खुब्याच्या पेशंटला बेडपॅन द्यायला दोन माणसं लागतात, ती कुठून आणायची? तोंड न उघडणारीची गोळी चुकली तर जाब मला विचारतात. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत व्हावं लागतं. लांबलं की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. तुमच्या आजीची एक अख्खी रात्र रुसण्यात गेली, त्याचं काय?

बिंदुसरा
तांब्यावर कुणीच बोलेना, म्हणून मी बोलतो. माझी आई दवाखान्यात सफाईच्या कामाला होती. अशाच मानी आज्यांनी तिच्या हातचं पाणी ओतून दिलंय. घरी येऊन ती भाकरी न खाता बसायची. बेडपॅन तिनं उचललेला चालतो, पाणी चालत नाही. त्याला मान म्हणू नका.

मांजराकाठ
तुम्ही माझ्या आजीला ओळखता का? तो तांब्या तिच्या आईनं लग्नात दिलेला आहे. मी सहीचं विचारतेय आणि तुम्ही जात काढता. दर धाग्यावर हेच चाललंय तुमचं.

बिंदुसरा
मी काढली नाही, ती तिथं होतीच. एकच सांगा. वॉर्डातल्या सफाईच्या मावशीनं भरून दिलेलं पाणी आजी प्यायल्या का? हो की नाही?

गोदाकाठ_नांदेड
तुमचं चालू द्या, पण सहीचं निघालंय म्हणून माझंही ऐका. सत्तरीपुढच्यांना 5 लाखांच्या उपचाराचं वय वंदना कार्ड मिळतं. आईच्या आधारला मोबाइल जोडलेला नाही, म्हणून अंगठा लावायला सांगितला. जन्मभर कापूस वेचून बोटांच्या रेषा उरल्यात कुठं? चार खेटे घातले, चारही वेळा नकार. आई म्हणाली, "म्या हाय का न्हाय, ते त्या डबड्याला कामून इचारायचं?" शेवटी चेहऱ्यावरून काम झालं. तो पर्याय पहिल्याच दिवशी का सांगितला नाही, याचं उत्तर मला अजून हवंय.

औसेकर
अंगठ्याचा वेगळा धागा काढा. बिंदुसरांच्या प्रश्नाला उत्तर आलेलं नाही.

93 च्या भूकंपात माझ्या आत्याचं घर तिच्या अंगावर आलं. 30 सप्टेंबरची ती पहाट आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही. पायाला वजन बांधून ती कित्येक आठवडे पडून होती. शेजारच्या खाटांवर कुठल्या कुठल्या बाया, सगळ्या एकाच पातेल्यातली खिचडी खायच्या. आम्हाला वाटलं, शिवाशिव ढिगाऱ्याखाली गेली. पुनर्वसनाच्या नव्या घरात गेल्यावर आत्याचा माठ पुन्हा वेगळा झाला. आत्यावर माझा फार जीव होता, तरी लिहितो. बिंदुसरा बरोबर बोलतायत.

निवृत्त_सिस्टर
माझंही आडनाव विचारून मग पाणी घेणाऱ्या होत्या. बिंदुसरा, आईंना माझा नमस्कार सांगा.

मांजराकाठ, ‘ए आजे’ चूकच. घाईत माझ्याही तोंडून गेलंय, त्याचं आता वाईट वाटतं. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र काढून ठेवलं की म्हातारं माणूस रात्री भ्रमतं, काहीबाही बरळतं, नळ्या ओढतं. ओळखीची वस्तू नजरेसमोर असली तर आधार वाटतो. म्हणून तांब्या उशाशी राहू द्यावा. लुगड्याबाबत मात्र माझं म्हणणं तेच आहे.

मांजराकाठ
लुगड्याचं तुमचं खरं धरते. गाऊन घातल्यावरच तिला नीट कुशीवर वळवता आलं. तिनं लुगडं पांघरायला मागितलं, तेवढं दिलं.

बिंदुसरा, उत्तर ‘नाही’ आहे. दोन दिवस ती प्यायली नाही. काका बाहेरून बाटली आणायचा. आम्ही शिकलेल्या नाती "सवय आहे तिची" म्हणून गप्प बसलो. काल तुमच्यावर चिडले ते त्यामुळंच. ऑपरेशननंतरच्या रात्री काका खाली गाढ झोपलेला, हिचा घसा कोरडा पडलेला, तेव्हा मावशीनं चमच्यानं पाणी पाजलं. आजीनं तिचं नाव विचारलं, तिनं आजीचं. हे मला आजीनंच सांगितलं. तांब्या मात्र ती अजून कुणाला धुवू देत नाही.

सहीवरून मी मागं हटणार नाही. डिस्चार्जच्या कागदावर चष्मा लावून, पूर्ण नावानिशी तिनंच सही केली. पाच मिनिटं लागली. मागं रांग होती, रांगेतले लोक थांबले.

बिंदुसरा
सहीचं पटलं. माझ्या आईचीही कुणी कधी मागितली नाही.

पाण्याचं कौतुक मी करणार नाही, घसा कोरडा पडला म्हणून त्या प्यायल्या. तांब्या धुवायला दिला, की इथं लिहा. तोवर आईला काही सांगत नाही.