नुसतं पाठांतर नाही हो, बझर!
वर कुणीतरी म्हटलंय की जेपर्डी या अमेरिकन टीव्ही क्विझमधल्या लांबलचक स्ट्रीक (जिंकेल तो पुढच्या गेमला पुन्हा खेळतो, तसे सलग विजय) म्हणजे निव्वळ पाठांतर. अर्धंच पटलं. उत्तर बऱ्याचदा तिन्ही स्पर्धकांना येत असतं, खरी मारामारी बझरची. प्रश्न वाचून संपला की बोर्डाच्या कडेचे दिवे लागतात, त्याआधी दाबलंत तर पाव सेकंद बझर लॉक, आणि तेवढ्यात शेजारचा उत्तर देऊन मोकळा. (कॉलेजच्या क्विझमध्ये याच घाईपायी मी किती गुणांवर पाणी सोडलंय!) त्यात दिवसाला पाच एपिसोड शूट होतात, म्हणजे चॅम्पियनचा अंगठा मस्त सेट झालेला आणि समोरचे दोघं कोरे करकरीत.

शिवाय 2003 पर्यंत पाच गेम जिंकले की घरीच पाठवायचे. ती अट गेली आणि 2004 मध्ये केन जेनिंग्ज सलग 74 जिंकला. शेवटी अडला कुठे, तर 70,000 हंगामी पांढरपेशे कर्मचारी, बहुतेकांना वर्षात चारच महिने काम, कंपनी कोणती? याने लिहिलं फेडेक्स, उत्तर होतं एच अँड आर ब्लॉक, लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देणारी. त्यांनी मग त्याला आयुष्यभर फुकटात टॅक्सचं काम करून द्यायची ऑफर दिली!